पलीकडच्या पुळणीपर्यंत

४ मार्च

दैनंदिनी लिहिणाऱ्यांची मला आयुष्यभर चीड आली. ज्याला काही सांगायचं आहे त्यानं चार माणसांत उभं राहून सांगावं, वहीच्या कानाशी लागून कुजबुजू नये, असं मी किती सभांत ठणकावलं असेल. आज स्वतःच वही उघडून बसले आहे. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे आणि गप्प बसणं मला येत नाही.

घशातली गाठ साधी नाही. कर्करोग आहे. स्वरयंत्र सगळंच्या सगळं काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. न्हावी 'बाजूनं जरा बारीक करतो' म्हणतो ना, त्या सुरात म्हणाले. मानेच्या खालच्या बाजूला एक भोक राहील. श्वास तिथून. नाकातोंडाचा आणि फुप्फुसांचा संबंध संपला.

"शस्त्रक्रिया केली तर बऱ्या व्हाल, अशी चांगली आशा आहे. नाही केली तर वर्ष निघणार नाही."

"आणि बोलणं?"

"पुढे एक झडप बसवता येते. सराव केला की लोक बोलतात. आवाज वेगळा असतो, पण बोलतात."

वेगळा म्हणजे कसा, विचारलं. त्यांनी फोनवर एका माणसाचा ऐकवला. रिकाम्या पिंपात वाळू ओतून कुणी शब्द बनवतंय असं वाटलं. मी फोन त्यांच्याकडे परत सरकवला.

मग माझ्या तोंडून काय निघावं? "पोहता येईल?"

"पोहणं विसरा. त्या भोकातून पाणी थेट फुप्फुसात जाईल. आंघोळसुद्धा जपून."

धाकटी बहीण शेजारी बसली होती. शिवणाच्या दुकानातून तशीच उठून आलेली, गळ्यात मापाची फीत, मधल्या बोटावर अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालतात ते धातूचं टोपण. ते ती झोपतानासुद्धा काढायला विसरते. खुर्चीच्या दांड्यावर ती ते टकटक वाजवत होती. मी तिचा हात दाबून धरला.

बाहेर आल्यावर म्हणाली, "दोन एप्रिलची तारीख मिळतेय, ताई. घेऊन टाकू?"

"घे," म्हटलं. तारीख घ्यायला काय जातं.

५ मार्च

शेवटची सभा आठवते आहे. ती शेवटची, हे तेव्हा ठाऊक असतं तर बरं बोलले असते.

मासळी डबाबंद करायच्या कारखान्याचं फाटक. तिथेच मी तीस वर्षं बोलले. टेबलावर चढायचं, थोडं थांबायचं आणि पहिल्यांदा विचारायचं, "मागे ऐकू येतंय का?" हे माझं नमन. मग गर्दीच्या अगदी शेवटी, भिंतीजवळच्या अंधारातून एक हात वर व्हायचा. सरळ, तळहात उघडा, बोटात अंगठी असावी, दिव्यात चकाकायची. चेहरा कधी दिसला नाही. कोण कामगार होता कोण जाणे, पण एक सभा चुकवली नाही पठ्ठ्यानं. मी पहिलं वाक्य बोलेपर्यंत तो हात खाली यायचा नाही.

त्या दिवशी मी विचारलं आणि हात वर झाला नाही. पुन्हा विचारलं. घशातून खरखर निघाली, गंजकं बिजागर ओढल्यासारखी. हात नाहीच. मी टेबलावरून उतरले.

घरी आले तर धाकटीनं कोमट मिठाचं पाणी करून ठेवलेलं. "गुळण्या कर," एवढंच म्हणाली. आमच्या युनियनच्या चिटणीसानं तिला फोन केला असावा.

८ मार्च

ठरलं. मोठ्या पुळणीवरून पलीकडच्या पुळणीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं पोहत जायचं. डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात हवेची नळी, पायांत रबरी पंख, डोकं पाण्यात. सगळा प्रवाळ खालून सरकत जाताना बघायचा. आम्ही लहान असताना बाबा दर सुट्टीत म्हणायचे, "पोरींनो, एकदा इथून तिथपर्यंत खालचं सगळं बघत जाऊ." बाबा गेले. आम्ही दोघी पुळणीपासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि मी पाण्यात शेवटची कधी उतरले ते आठवत नाही. भाषणांत मात्र जनसागर, उसळत्या लाटा, सगळं यायचं. कोरड्या टेबलावर उभी राहून मी केवढा समुद्र विकला!

धाकटीला सांगितलं. कुजबुजून, तीही बंदीच आहे.

"पोहायचंय? तुला जिना चढताना धाप लागते."

"पाण्यात जिने नसतात."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टर माझा गळा कापणार आहेत. त्याआधी माझे पाय माझे आहेत."

ती मशीनवर बसली आणि तिनं उगाचच एका चादरीला दुहेरी टीप मारली.

११ मार्च

मोठ्या पुळणीवरच्या जीवरक्षकाला भेटले. पोट सुटलेला, गळ्यात शिट्टी, तोंडाला विश्रांती नाही.

"बाई, तुम्हाला कोण ओळखत नाही! माझ्या वडिलांना तुम्ही संपाला बसवलं होतंत."

"मग?"

"मग काय, अजून उठले नाहीत. खाटेवरूनच माझ्याकडे मागण्या मांडतात."

मला हसू आलं आणि घशात काटा रुतला. हसणंही बंद करावं लागेल.

त्यानं वाळूत काडीनं नकाशा काढला. ही मोठी पुळण, मग खडकांची रांग, मध्ये समुद्रात घुसलेलं टोक, टोकाला वळसा घातला की पलीकडची पुळण. "किनाऱ्याला धरून राहायचं. टोकाच्या बाहेर जायचं नाही. ओहोटी लागली की तिथं पाण्याला ओढ असते. सापडलात तर सरळ बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. तिथं सभा भरत नाही."

मग खुणा शिकवल्या. नळी तोंडात असली की ओरडता येत नाही, म्हणून पाण्यातल्या माणसाला दोनच वाक्यं: हात डोक्यावर ठेवला तर 'ठीक आहे'. हात सरळ वर करून उघडा तळवा हलवला तर 'मदत'. दोन वाक्यांची भाषा! माझ्या पुढच्या आयुष्याची उजळणीच.

पहिली खूण जमली. दुसरीला माझी मूठ वळते.

"मूठ नको, बाई. तळवा उघडा. लांबून मूठ बघितली तर वाटेल तुमचं काहीतरी चाललंय."

पुन्हा केलं. पुन्हा मूठ. तीस वर्षं हा हात वर गेला तो वळूनच गेला. मागण्या केल्या, मदत कधी मागितली नाही. त्यात मला काडीचीही लाज नाही.

१३ मार्च

आज उथळ पाण्यात डोकं घातलं. मास्कच्या काचेवर आतून थुंकून चोळायचं, मग वाफ धरत नाही. तीस वर्षांत ज्यांच्यावर थुंकावंसं वाटलं त्यांची आठवण काढत थुंकले. काच लख्ख झाली.

खाली किती गोंगाट आहे! मला वाटायचं पाण्याखाली शांतता असेल. कढईत मोहरी तडतडावी तशी सगळीकडे बारीक तडतड, आणि हिरव्या-निळ्या चोचीचे मासे प्रवाळ कुरतडतात त्याचा कुर्रकुर्र आवाज. सगळे बोलताहेत, फक्त माणूस तोंडात बूच घालून. बराचसा प्रवाळ मेलेला आहे. फुटक्या कपबश्यांचा ढीग टाकून द्यावा तसा पांढरा पडलेला. त्यावरही मासे राहताहेत. जायला दुसरी जागा नसेल.

थोड्या वेळात दम लागला. नळीतून येणारी हवा घशाच्या गाठीपाशी शिट्टी घालते. जीवरक्षकानं पाण्याबाहेर ऐकली. "हे काय वाजतंय?"

"माझा भोंगा," म्हटलं.

तो या वेळी हसला नाही.

१६ मार्च

धाकटीशी कडाक्याचं भांडण. म्हणजे ती बोलली, मी फुसफुसले.

झालं असं की शिवणाच्या टेबलावर मऊ सुती कापडाचे चौकोन रचलेले दिसले, दोन बाजूंना बंद. मला वाटलं कुणाच्या बाळाची लाळेरी. विचारलं.

"तुझी आहेत," ती म्हणाली. "गळ्यावर बांधायला. भोकात धूळ जाऊ नये म्हणून. नर्सनं माप सांगितलं. तुला रंग चालतात का पांढरीच करू?"

मी तो ढीग जमिनीवर फेकला. म्हटलं, माझ्या प्रेताची मापं घे त्यापेक्षा. म्हटलं, तुला काय कळणार आवाज म्हणजे काय! तू जन्मभर दुसऱ्यांच्या बाह्या बसवल्यास. माझा संसार नाही, मूल नाही, माझ्याकडे फक्त वाक्यं होती, आणि तू एकदाही, एकदाही ऐकायला आली नाहीस.

"मला गर्दीत घुसमटतं," ती म्हणाली. नेहमी हेच म्हणते. मग खाली बसून एकेक चौकोन उचलायला लागली. उचलता उचलता म्हणाली, "आणि तू एका दमात तीनदा 'हक्क' म्हणायचीस. एकदा पुरला असता."

हे तिला कुणी सांगितलं, विचारायला हवं होतं. पण मी दार आपटून बाहेर गेले होते.

१९ मार्च

चिटणीस आला. त्याला सगळे भोंगाच म्हणतात, कारण घोषणा त्याची आणि उत्तर आमचं, अशी आमची तीस वर्षांची वाटणी. आता त्याच्या मिशा पांढऱ्या आणि कारखाना बंद. फाटकाला कुलूप आहे. यंत्रं भंगारात गेली. ज्यांच्यासाठी बोलले त्यांतले निम्मे गाव सोडून गेले, उरलेले पुळणीवर खुर्च्या भाड्यानं देतात.

"कॉम्रेड, निरोपाची सभा घेऊ."

"कोणाचा निरोप?"

"म्हणजे… ऑपरेशनच्या आधी. तुम्ही नुसत्या बसा. आम्ही बोलतो."

"तुझा भोंगा आहे, भाषण नाही. आणि बोलून काय झालं सांग? एक टाळं थांबवलं आपण? एक माणूस?"

तो टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "माझा पोरगा शिकला, ते तुमच्या बोलण्यानं."

एक पोरगा. तीस वर्षं, एक नरडं, एक पोरगा. हिशेब बरा आहे.

पोहण्याचं त्याला कुठून तरी कळलं होतं. येऊ नकोस म्हणून बजावलं आहे. येईल.

२२ मार्च

पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकली. हातगाडीवाला सगळी एका खेपेत घेऊन गेला. एवढंच होतं? मी समजत होते की माझ्यामागे पर्वत आहे.

धाकटी दुकानातून आली. रिकाम्या फळ्यांसमोर बराच वेळ उभी राहिली.

"ऑपरेशननंतर लागली असती की. बोलता येणार नाही, पण वाचता आलं असतं."

"धूळ होते नुसती."

तिनं ओलं फडकं आणून फळ्या पुसल्या. पुसून झाल्या तरी पुसत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इस्पितळात न्यायची पिशवी मी भरू की तू भरतेस?"

"भरू सावकाश."

"ताई, मी तुला विचारलं काहीतरी."

"आणि मी उत्तर दिलं."

२५ मार्च

सगळं ठरलं. २९ तारीख. जीवरक्षक होडी घेऊन मागे राहणार. माझ्या कमरेला दोरी, दोरीच्या टोकाला नारिंगी फुगा, म्हणजे मी कुठे आहे ते त्याला दिसेल.

वेळेवरून वाद झाला. त्याचं म्हणणं, उजाडता उजाडता निघायचं. भरती पूर्ण भरली की पाणी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यात टोक ओलांडायचं. मी म्हटलं, उन्हं वर आल्याशिवाय खालचं दिसणार कसं? एवढं करून मी अंधार बघायला जाऊ?

"उन्हं वर येईपर्यंत ओहोटी लागते, बाई."

"लागू दे. मी किनारा धरून राहीन."

"नक्की?"

"माझा शब्द कधी मोडलाय मी?"

हे वाक्य चालतं. फाटकावरही चालायचं. त्यानं मान डोलावली.

धाकटीनं घरी विचारलं, "पलीकडे पोचल्यावर काय घालणार? कोरडे कपडे आधी तिकडे पाठवायला लागतील. परत येणार कशी? चालत? का होडीतून?"

खरं सांगायचं तर याचा मी विचारच केला नव्हता. मास्क, नळी, पंख, वारा, ओहोटी, सगळं पाठ केलं आणि हे राहूनच गेलं. माणूस उत्साहात असला की असं होतं.

"बघू," म्हटलं.

"मी होडीत बसणार," ती म्हणाली.

"तुला होडी लागते. बंदरात बांधलेल्या होडीतसुद्धा ओकतेस."

"ओकीन."

२८ मार्च

वारा नाही. पाणी काचेसारखं. डॉक्टरांचा फोन आला होता, कुणीतरी त्यांना सांगितलं. वेडेपणा म्हणाले. त्यांच्याशी वाद घालायला आवाज नाही म्हणून ठेवून दिला. वाद न घालता फोन ठेवायची ही पहिलीच वेळ.

टोकाच्या बाहेर पाणी कसलं निळं असतं, ते घराच्या गच्चीवरून दिसतं. आज दिवसभर तेच बघत होते.

धाकटीनं नवा पोशाख शिवला आहे. लांब बाह्यांचा, उन्हानं पाठ जळू नये म्हणून. रंग भडक पिवळा. "एवढा भडक कशाला?" म्हटलं. "तू हरवू नयेस म्हणून," म्हणाली. मास्कचा पट्टा तिनं माझ्या डोक्यामागे दहादा ओढून बघितला. अंगुस्तान केसांत अडकत होतं.

३० मार्च

काल लिहिता आलं नाही. आज सरळ लिहिते, जसं झालं तसं.

निघताना ओहोटी लागलेलीच होती. पुळणीची वाळू, मग गवत, मग खडक, मग प्रवाळ. मी तरंगत होते आणि जग खालून सरकत होतं. मेलेल्या पांढऱ्या फांद्यांत एके ठिकाणी बोटाएवढी जिवंत जांभळी फांदी दिसली, आणि तिच्यापाशी एक टिकलीएवढा मासा मला हाकलायला धावून आला. माझ्या काचेवर धडका देत होता. एवढासा जीव आणि केवढं भाषण! दोनदा डोकं वर काढून होडीला खूण केली, हात डोक्यावर. होडीच्या कडेवर धाकटी ओणवी होऊन ओकत होती. तरी तिनं मान वर करून हात डोक्यावर ठेवला.

टोक आलं. जीवरक्षकानं शिट्टी मारली: आत राहा. मी ऐकली. आतल्या अंगाला प्रवाळ संपल्यासारखा वाटत होता आणि बाहेरच्या अंगाला भिंत सरळ खाली उतरत गेलेली दिसत होती, तिच्यावर माशांचे थवे. मी फक्त थोडी बाहेर गेले, बघायला. मग तळच संपला. खाली निळं, नुसतं निळं, उन्हाचे दोर त्यात सोडलेले. पाणी मला अलगद नेऊ लागलं. पाय मारायची गरज नव्हती. मला वाटलं, इथं कुणाला विचारायला नको, मागे ऐकू येतंय का. किती बरं वाटलं ते लिहून ठेवते. तीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. कमरेच्या फुग्याच्या दोरीची गाठ मी उजव्या हातानं चाचपत होते. टोचत असेल.

आणि घसा बंद झाला. शिट्टीसुद्धा थांबली. नळीत एक लाट शिरली. खारं पाणी त्या गाठीवर आदळलं आणि हवा म्हणून जे काही होतं ते गेलं. नळी थुंकून टाकली. तोंड उघडलं. आवाज नाही, श्वास नाही.

हात वर गेला. मी नेला नाही; तो गेला. उजवा दोरीत गुंतला होता, म्हणून डावा. आणि वर जाता जाता त्याची मूठ वळली.

टोकावरच्या खडकांवर माणसं उभी होती. भोंगा, आणि त्याच्याबरोबर कारखान्यातली दहाबारा म्हातारी माणसं, लाल झेंडा घेऊन. आलेच शेवटी. त्यांनी माझी मूठ बघितली. सगळ्यांच्या मुठी एकदम वर गेल्या. भोंग्याचा आवाज पाण्यावरून खणखणीत आला: "आवाज कुणाचा?" आणि सगळे ओरडले: "कामगारांचा!"

मी बुडत होते आणि ते घोषणा देत होते. मी मूठ आणखी वर केली. ते आणखी जोरात ओरडले. मूठ दिसली की मूठ उगारायची, हे मीच शिकवलं होतं. पहिल्या नंबरानं पास झाले.

मग पिवळ्या पोशाखाला मागून कुणीतरी मुठीत धरलं आणि वर ओढलं. होडीच्या तळाशी मी पडले होते. धाकटी माझ्यावर बसून पाठीत गुद्दे घालत होती आणि रडत होती आणि तिच्या अंगाला ओकारीचा वास येत होता. "मर, मर," म्हणत होती. "आता श्वास घेतला नाहीस तर मारून टाकीन तुला."

आज जीवरक्षक घरी येऊन गेला. तो सांगत होता, "बाई, मीसुद्धा फसलो. तिकडून घोषणा, इकडून तुमची मूठ. वाटलं, बाईंची सभा चाललीय. तुमच्या बहिणीला तसं म्हणालोसुद्धा. तर त्या म्हणाल्या, 'ती डावा हात कधी उगारत नाही. वल्हव!' मी म्हटलं, तुम्ही तर कधी सभेला गेला नाहीत. त्यांनी माझ्या हातातलं वल्हंच ओढलं."

धाकटीला कसं कळलं कोण जाणे. वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलं असेल.

१ एप्रिल

पिशवी दाराशी आहे. तिनंच भरली. वर ते चौकोन, इस्त्री करून. एक पिवळा. त्याच कापडाचा.

मी जाणार आहे. का, ते मला सांगता येत नाही, आणि ज्याचं कारण सांगता येत नाही अशी गोष्ट मी आजवर केलेली नाही. जगावंसं वाटतंय असं नाही. कशासाठी जगायचं ते अजून कुणी मला पटवून दिलेलं नाही, आणि मी भल्याभल्यांची मतं खोडून काढली आहेत. पण तो डावा हात मी वर नेला नव्हता. त्याला कुणीतरी विचारायला हवं.

सकाळी बाथरूमचं दार लावून नळ सोडला आणि जेवढा उरलाय तेवढ्या आवाजात माझं नमन म्हणून बघितलं. नळाचं पाणी जास्त मोठ्यानं बोललं.

बाहेर आले तर धाकटी दाराशी टेकून उभी होती. "काही नाही," म्हणाली, "टॉवेल द्यायला आले होते." हातात टॉवेल नव्हता.

११ एप्रिल

लिहिता येतंय. नाकात अन्नाची नळी आहे. गळ्याच्या भोकातून कफ वाजतो. श्वास आता समोरून येतो, कुणी दुसरंच माझ्या छातीवर बसून घेतंय असा. हुंदका आला तर तोही तिथूनच बाहेर पडतो, तोंडाला पत्ता लागत नाही. आरशात अजून बघितलेलं नाही. पिवळं कापड बांधलेलं असतं.

डॉक्टर खूश आहेत. त्यांनी खूश व्हावं. त्यांचं काम झालं. माझ्या डोक्यात अजून वाक्यं बनतात. रात्रंदिवस बनतात, एकाला एक जोडून, पल्लेदार, आणि घशापर्यंत येऊन कड्यावरून पडतात. हे किती दिवस चालेल, असं पाटीवर लिहून विचारलं. नर्स म्हणाली, "सवय होईल हो." सवय! या शब्दाविरुद्ध मी तीस वर्षं लढले.

आज भोंगा आला. खाटेच्या पायाशी उभा राहिला, टोपी हातात. त्या दिवसाचं काही बोलला नाही. डोळे सुजलेले. म्हणाला, "कॉम्रेड, माणसं विचारतात. काही निरोप?"

आणि मी विसरले. समोर तो, त्याच्या मागे खाटांची लांब रांग, माणसं, चेहरे. मी थोडी थांबले, जशी थांबायची तशी, आणि तोंड उघडून विचारलं. ओठ हलले. मानेवरचं पिवळं कापड थोडं फडफडलं. बाकी काही नाही.

भोंग्यानं बाजूच्या नर्सला विचारलं, "काय म्हणाल्या?" तिनं खांदे उडवले. तो खाली बघू लागला.

दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीजवळ, दाराशी धाकटी उभी होती. दुकानातून तशीच आलेली, काखेत थर्मास. तिथून माझे ओठसुद्धा नीट दिसले नसतील.

तिचा हात वर झाला. सरळ, तळहात उघडा. बोटावर अंगुस्तान तसंच राहिलं होतं, खिडकीच्या उजेडात चकाकलं.

तिनं तो खाली घेतला नाही. मी बघत राहिले. मी पहिलं वाक्य बोलेपर्यंत तो खाली येणार नव्हता.